क्षेम आपल्या हाताने

बॅग भरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मकरंद तळघरात निघाला तेव्हा त्याला नऊ किलो सामान न्यायची परवानगी होती, आणि त्याने पलंगावर जे मांडून ठेवलं होतं ते तेरा किलोंच्या घरात जात होतं. मी साबणांची खोकी काढून टाकली, मोजे बुटांत कोंबले, आमसुलं दाबून एका डबीत बसवली, तीन पुस्तकांतलं एकच ठेवलं आणि काटा आठ किलो नऊशेवर आणून दाखवला. माझे सासरे, अण्णा, दारातल्या खुर्चीतून हे सगळं पाहत होते.

"चारू, जरा जपून हो," ते म्हणाले. "नाहीतर नवऱ्याचीही घडी घालून आत ठेवशील."

अशी माझी ख्याती. जास्तीचं काही दिसलं की ते काढून टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरात हा स्वभाव सगळ्यांना छळतो, ऑफिसात मात्र मला त्याचाच पगार मिळतो. मी, चारुलता घोसाळकर, रत्नागिरीच्या सागरतळ संशोधन संस्थेत माहितीचा आकार कमी करायचं काम करते. कॉम्प्युटरात साठणारी, इकडून तिकडे जाणारी माहिती कमीत कमी जागेत कशी बसवायची, एवढाच माझा विषय.

आता तळघराबद्दल. हिंदी महासागराच्या मध्यावर, पावणेपाच किलोमीटर खोल, अगदी तळाशी टेकवलेले तीन पोलादी गोल म्हणजे तळघर. कागदोपत्री त्याचं नाव भलतंच लांब आहे, त्याचं काय झालं ते पुढे येईल. समुद्रतळावर तिथे बटाट्यांएवढे धातूचे गोळे विखुरलेले असतात. ते उपसून नेले तर त्यांच्यावर जगणारे जीव परत येतात की कायमचे जातात, हे तिथे राहून मोजायचं होतं. त्या मोजणीवर पाच देश खाणकामाचा निर्णय घेणार होते. पाच शास्त्रज्ञ जीव मोजणार, आणि ते पाचही जण स्वतः जिवंत राहतील याची काळजी सहावा घेणार. हा सहावा, यंत्रांचा माणूस, माझा नवरा. मुक्काम सात महिने.

पहिले दोन महिने झकास गेले. केबलमधून रोज संध्याकाळी मकरंद पडद्यावर दिसायचा. शिडीवरून घसरून गुडघा फुटला तोही त्याने हौसेने दाखवला. तिसऱ्या महिन्यात तळावरचा गाळ घसरला आणि केबल तुटली.

*

पाण्यात रेडिओच्या लहरी लगेच विरून जातात आणि उजेडही फार लांब पोचत नाही. उरतो तो आवाज. आवाज पाण्यात हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने पळतो, म्हणून देवमासे शेकडो मैलांवरून एकमेकांशी बोलू शकतात. तळघरातही अडीअडचणीला म्हणून एक ध्वनियंत्र ठेवलेलं होतं. ते खालून बारीक चिवचिवाट करायचं, वर तरंगणारा बोया तो ऐकायचा आणि उपग्रहामार्फत आमच्याकडे पाठवायचा. तीन सेकंदांत निरोप वर.

पण आवाजाला जागा फार थोडी. सेकंदाला जेमतेम पंचवीस अक्षरं. त्यातून यंत्र बॅटरीवर चालणारं, म्हणून तासाला सहा मिनिटंच वाजवायचं. हिशेब केला तर ताशी नऊ हजार अक्षरं होतात. आणि तळघराचा दर तासाचा अहवाल होता नव्वद हजार अक्षरांचा.

आमचे विभागप्रमुख शफी कुरेशी यांनी मला खोलीत बोलावून दार लावलं.

"नियम तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "दर तासाला पूर्ण अहवाल वर आला नाही तर मोहीम गुंडाळायची. नवी केबल टाकणारं जहाज चार महिन्यांनी मिळतंय. मी कसेबसे दहा दिवस मागून घेतलेत."

"दहा दिवसांत दहावा हिस्सा करायचा?"

"तुझा स्वभाव बघूनच शब्द दिलाय मी."

मला आनंद झाला, हे कबूल करते. नवरा समुद्राच्या तळाशी, त्याची खबर नाही, आणि मला आनंद झाला. जास्तीचं काढायला इतकं मोठं कपाट मला आजवर कोणी उघडून दिलं नव्हतं.

तळघराचा अहवाल एक्सएमएल नावाच्या पद्धतीत लिहिलेला असतो. ही पद्धत जुनी, भरवशाची आणि महाबडबडी. तिच्यात प्रत्येक आकड्याच्या आधी त्याचं नाव सांगायचं आणि नंतर तेच नाव पुन्हा घेऊन ते संपलं म्हणून सांगायचं. 'झोपायच्या गोलातील हवेतील कार्बन डायऑक्साइड सुरू. शून्य पूर्णांक चार टक्के. झोपायच्या गोलातील हवेतील कार्बन डायऑक्साइड समाप्त.' असे चौदाशे आकडे, दर तासाला. याचा फायदा असा की पन्नास वर्षांनी कोणीही तो कागद उघडला तरी त्याला सगळं समजेल. म्हणून पाच देशांनी हीच पद्धत ठरवून टाकलेली, आणि ती बदलणं माझ्या हातात नव्हतं. मला एवढंच करायचं होतं की खाली ती बडबड आवळून छोटी करायची आणि वर आली की पुन्हा जशीच्या तशी उलगडायची. नेहमीची झिप करायची पद्धत इथे चालत नव्हती, कारण आवाजाचे तुकडे वाटेत हरवतात आणि झिपचा एक तुकडा हरवला की पुढचं सगळं मुसळ केरात.

चार दिवस मी डोकं खाजवत होते. पाचव्या दिवशी सकाळी अण्णांनी वाट दाखवली.

*

अण्णा, म्हणजे दत्ताराम घोसाळकर, पोस्टात तारमास्तर होते. आता ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. तारा बंद पडल्या त्याला तीस वर्षं झाली, पण त्यांची बोटं अजून निवृत्त झालेली नाहीत. चहा येईपर्यंत ती टेबलावर खटखट करत असतात. मकरंद लहान असताना बापलेक जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवून बोलायचे आणि माझ्या सासूबाई वैतागायच्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

केबल तुटल्यापासून मकरंदशी बोलणं बंद होतं. अण्णांनी करमत नाही म्हणून पत्र्याच्या डब्यातली जुनी पत्रं काढली होती. त्यातलं एक कार्ड मी सहज उचललं.

"ती. रा. रा. अण्णांस सा. न. वि. वि.," मी वाचलं. "हे काय, पूर्ण लिहायचा कंटाळा?"

"कंटाळा कसला! तीर्थरूप राजमान्य राजश्री अण्णांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष, एवढं लिहीत बसला तर कार्डावर मजकुराला जागा कुठली? वाचणाऱ्याला माहीत असतं ना ते. दोन्हीकडच्यांना माहीत असलेलं कशाला पाठवायचं?"

मी कार्ड हातात धरून बसले.

"आणि आमच्याकडे तर नंबरच होते," अण्णा रंगात आले. "दिवाळीच्या शुभेच्छा म्हटलं की एक नंबर. लग्नाच्या तारेला आठ. मी नुसता आकडा वाजवायचा, पलीकडचा मास्तर पूर्ण वाक्य लिहून पोस्टमनच्या हातात द्यायचा. लोकांना वाटायचं, केवढी लांब तार आली!"

मी चहा तसाच टाकून ऑफिसला पळाले. चौदाशे नावांचा एक कोश केला, त्याची एक प्रत खाली आणि एक वर ठेवली. आता 'झोपायच्या गोलातील हवेतील कार्बन डायऑक्साइड' ऐवजी नुसता दोनशे बारा हा आकडा पाठवायचा. समाप्तीची नावं तर सरळ उडवलीच, कारण पुढचं सुरू झालं म्हणजे मागचं संपलंच. नव्वद हजारांचे एकवीस हजार झाले. मग दुसरी पायरी: मागच्या तासापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवायचं. एकविसाचे सहा हजार झाले.

नवव्या दिवशी पहिला पूर्ण अहवाल वर आला. कुरेशी सरांनी खोबऱ्याच्या वड्या वाटल्या. मोहीम वाचली होती, आणि नऊ हजारांतली तीन हजार अक्षरं उरत होती, त्यात पत्रं सुरू झाली. प्रत्येकाला रोज साठ अक्षरं. अण्णांनी आणि मी घरचा कोश तयार केला, दोनशे वाक्यांचा. एक नंबर अर्थातच 'इकडे सर्व क्षेम'. दोन, 'जेवण झाले'. तीन, 'काळजी नसावी'. एकवीस, 'अण्णांनी औषध घेतले का'. चौतीस नंबर अण्णांनी मला विचारून घातला आणि तो काय होता ते मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी मकरंदने एक, एकवीस आणि चौतीस पाठवले, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

*

मी तिथेच थांबायला हवं होतं. सगळं नऊ हजारांत बसत होतं आणि कोणाची काही तक्रार नव्हती. पण सहा हजार आकडा मला सारखा डिवचत होता. नीट आवरलेल्या कपाटात एक उशी वाकडी दिसावी तसं व्हायचं.

महिनाभराचे अहवाल मी समोर मांडले. बहुतेक आकडे तासन्‌तास ठरावीक चौकटीत हलत होते. शून्य पूर्णांक चारचे शून्य पूर्णांक एकेचाळीस शतांश, की पुन्हा चार. असली फुसकी हालचाल कळवायची कशाला? मी तिसरी पायरी बांधली: आकडा चौकटीत असेल तर काहीच पाठवायचं नाही. काही आलं नाही की उलगडणारी आज्ञावली शेवटचा चांगला आकडा स्वतःच भरेल. सहा हजारांचे अठराशे झाले. नव्वद हजारांचे अठराशे! खालच्या पडद्यांनाही मी तीच आज्ञावली दिली, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र.

त्याच झपाट्यात मी पत्रांचाही हिशेब काढला. शंभरातल्या सत्त्याण्णव पत्रांत एक नंबर होता. माझ्या शास्त्रात, जे जवळजवळ नेहमीच येतं त्यातून नवं असं जवळजवळ काहीच कळत नसतं. म्हणून एक, दोन आणि तीन मी पाठवण्यातून काढून टाकले. ते वर आपोआप छापले जातील, ज्याला वेगळं सांगायचं असेल त्याने तेवढं सांगावं.

अण्णांना मी हे अभिमानाने सांगितलं. ते थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले.

"आणि क्षेम नसलं तर?"

"तर तो तसं लिहील की, अण्णा."

"हं," ते म्हणाले. त्यांना पटलेलं नव्हतं आणि मला ते दिसलंही होतं. पण त्या दिवशी पाच देशांच्या समितीचं पत्र आलं होतं. माझी पद्धत सगळ्या सागरी केंद्रांसाठी स्वीकारायचा विचार चालू होता, आणि मी हवेत होते.

*

पाच आठवडे उत्तम गेले. रोज सकाळी आठला संस्थेकडून पत्र यायचं, मी ते छापून चहाबरोबर अण्णांच्या हातात द्यायचे. त्या गुरुवारी अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"चारू, कालचं पत्र बघू."

मी दिलं. कालचं आणि आजचं एकच होतं: इकडे सर्व क्षेम. जेवण झाले. काळजी नसावी.

"मंगळवारी मी त्याला विचारलं होतं, गुडघा पुन्हा दुखतोय का," अण्णा म्हणाले. "कोश न वापरता, अक्षर अक्षर लिहून. उत्तर नाही."

"विसरला असेल."

"एक दिवस विसरेल. दोन दिवस नाही विसरायचा माझा मुलगा. आणि तुला नमस्कार-चमत्कार काही नाही. चौतीसही नाही."

"कामात असेल, अण्णा. क्षेम आहे असं लिहिलंय ना?"

अण्णांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "तारेच्या खटखटीवरून मला पलीकडे कोण बसलंय ते कळायचं. चिपळूणचा मास्तर जेवून बसलाय की उपाशी, तेसुद्धा कळायचं. हे वाचून मला काहीच कळत नाही. मला एवढंच सांग. हे क्षेम त्याने लिहिलंय, की तुझ्या यंत्राने?"

मी हसून उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि किल्ली उचलली. मला उत्तर माहीत नव्हतं. मीच बांधलेल्या यंत्राबद्दल मला ते माहीत नव्हतं.

स्कूटर ऑफिसात कशी पोचली ते आठवत नाही. मी पडद्यावरची छापील पत्रं बाजूला सारली आणि बोयाकडून आलेला मूळ मजकूर उघडला. मकरंदचं बुधवारचं पत्र शून्य अक्षरांचं होतं. गुरुवारचंही शून्य. बाकी पाचांचंही तसंच. तळघरातून पत्रं आलीच नव्हती, आणि माझी आज्ञावली सहा घरांना रोज सकाळी क्षेम कळवत होती.

मग मी अहवाल उघडला. पडद्यावर चौदाशे हिरवे ठिपके. मूळ मजकुरात मात्र दोनशे बारा नंबर, झोपायच्या गोलातला कार्बन डायऑक्साइड, एकेचाळीस तास गायब होता. पडद्यावर शून्य पूर्णांक चार दिसत होतं, कारण एकेचाळीस तासांपूर्वी ते तेवढं होतं. ते मोजणारं उपकरण ठीक होतं म्हणून गप्प होतं, की मेलं होतं म्हणून गप्प होतं, हे सांगायची सोयच मी ठेवली नव्हती. दोन्ही प्रकारच्या गप्प बसण्याला मी एकच अर्थ लावून दिला होता. आणि खाली, त्या गोलात झोपणारी माणसंही तोच हिरवा ठिपका बघत होती.

"सर, मला आत्ता ध्वनियंत्र हवंय," मी कुरेशी सरांच्या दारातूनच ओरडले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एकही प्रश्न न विचारता परवानगीचा आकडा दाबला.

मी लिहिलं: पडदा खोटा. झोपायच्या गोलातली हवा हातातल्या मीटरने लगेच मोजा. चारू.

तीन सेकंदांत ते खाली पोचलं असणार. उत्तर यायला अकरा मिनिटं लागली. ती अकरा मिनिटं मी खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या मोजत होते. कुरेशी सरांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला, तोही तसाच राहिला. मला सारखा तो पलंगावर मांडलेला तेरा किलोंचा पसारा आठवत होता. मी त्याची दोन पुस्तकं काढून ठेवली होती. ती न्यायला काय हरकत होती, असं मला वाटत होतं.

मग अक्षरं आली. 'मीटर दोन पूर्णांक नऊ. सगळ्यांची डोकी दोन दिवस ठणकतायत, पत्र लिहवेना. वाटलं थकवा. सगळे मोठ्या गोलात जातोय. बघतो. म.'

हवेत कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांवर गेला की डोकं दुखतं आणि ग्लानी येते. पाचांवर माणूस धापा टाकतो. त्याच्या पुढे, झोपलेला माणूस उठत नाही. त्या गोलात रोज सहा माणसं झोपत होती.

दुपारी दोनपर्यंत मकरंदने दोष शोधला. एका पंख्याच्या जोडणीत दमट हवेने गंज चढला होता. त्याच तारेतून मोजणाऱ्या उपकरणालाही वीज मिळत होती, म्हणून पंखा आणि उपकरण एका वेळी बंद पडले. पंखा गेल्याची ओरड करायची ती ज्याने, तेच मुकं झालं. पंखा बदलला, कार्बन डायऑक्साइड शोषणारी पुडकी नवी घातली, संध्याकाळी मीटर शून्य पूर्णांक पाचवर आलं. कोणाला काही झालं नाही. हे वाक्य मी आजही एकेक शब्द सुटा करून लिहिते: कोणाला काही झालं नाही.

*

दुसऱ्या दिवशी कुरेशी सरांनी पुन्हा खोलीचं दार लावलं.

"चारुलता, पुढच्या आठवड्यात समितीची बैठक आहे. पंखा बंद पडला आणि तू वेळेत पकडलंस, एवढं तर खरंच आहे. तेवढंच लिहिलं तरी चालेल. तिसरी पायरी आपण गुपचूप दुरुस्त करू."

ते माझं भलंच चिंतत होते. आणि मला मोहही पडला. माझी पद्धत पाच देशांत जाणार होती. माझ्यासारख्या, ऑफिसातही घरातही पसारा आवरत बसणाऱ्या बाईच्या वाट्याला असं कितीदा येतं?

"सर, सहा घरांना दोन दिवस खोटं क्षेम मी पाठवलंय," मी म्हणाले. "त्यातलं एक घर माझं होतं, म्हणून सापडलं. पुढच्या केंद्रात अण्णा नसतील."

अहवालात मी लिहिलं की तिसरी पायरी अनावश्यक होती, ती माझी होती आणि चूकही माझी आहे. सही केल्यावर दोन दिवस घास गोड लागला नाही. समितीने निर्णय वर्षभर पुढे ढकलला. बैठकीत पडद्यावरच्या एका बाईंनी विचारलं, हा दोष शोधून काढणारे कोणते तज्ज्ञ? मी म्हटलं, माझे सासरे, निवृत्त तारमास्तर. त्यांनी ते नाव पत्त्यासह लिहून घेतलं.

दुरुस्तीही अण्णांच्याच धंद्यातून आली. "तारेच्या डोक्यावर शब्दांची संख्या असायची," त्यांनी सांगितलं. "दहा म्हटलं आणि नऊ आले, की आम्ही पुन्हा मागायचो. आणि घेणाऱ्याने 'मिळाली' असं वाजवल्याशिवाय पाठवणारा खुर्चीवरून उठायचा नाही. काम नसलं तरी दर तासाला एकदा वाजवायचं, मी आहे म्हणून. तार तुटलेली आणि मास्तर निवांत बसलेला, यात फरक कसा कळणार नाहीतर?"

तसंच केलं. प्रत्येक उपकरणाने, सांगण्यासारखं काही नसलं तरी, दर तासाला एक खूण पाठवायची: मी आहे, बदल नाही. खूण आली नाही तर पडद्यावर जुना आकडा नाही, रिकामा लाल चौकोन. चौदाशे उपकरणांच्या चौदाशे खुणा, पण एका अक्षरात आठ खुणा मावतात, म्हणून अक्षरं लागली एकशे पंचाहत्तर. शिवाय शेवटी एकूण संख्या.

खरं तर जागा भरपूर होती, पण मला स्वभावाप्रमाणे कुठून तरी तेवढी वसूल करायचीच होती. प्रत्येक तासाच्या अहवालाच्या माथ्यावर तळघराचं अधिकृत नाव पाच भाषांत आणि खाली अध्यक्षांचं पूर्ण पदनाम, नियमाने सक्तीचं, म्हणून मी आजवर हात न लावता सोडलेलं. मोजलं तर दोनशे तीस अक्षरं. ती खालून पाठवणं बंद करून वरच छापायची सोय करताना मला जे समाधान झालं ते तिसऱ्या पायरीलाही झालं नव्हतं.

घरच्या कोशातून एक नंबर काढून टाकायची सूचना अण्णांचीच. क्षेम आता आकड्याने पाठवायचं नाही. ज्याला ते असेल त्याने रोज आपल्या हाताने, अक्षर अक्षर लिहायचं. सहाही घरांनी ते मान्य केलं. त्यानंतरचं मकरंदचं पहिलं पत्र असं होतं: 'इकडे सर्व क्षेम. गुडघा बरा. पुस्तक चारदा वाचून झालं.' आणि शेवटी चौतीस.

*

मोहीम ठरल्या दिवशी संपली. सहा जण वर आले, जहाजाने किनाऱ्याजवळ आणले, आणि लाँच त्यांना घेऊन भगवती बंदराच्या धक्क्याकडे निघाली. ऊन चांगलं तापलं होतं. अण्णांना मी टोपी घालून, खुर्ची घेऊन आणलं होतं, पण ते खुर्चीवर बसायला तयार नव्हते. धक्क्याच्या लोखंडी कठड्याला धरून उभे होते.

लाँच वळली आणि मकरंद दिसला. दाढी वाढलेली, जरा बारीक झालेला, पण तोच. मी हात हलवला, त्यानेही हलवला. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसायच्या भानगडीत पडले नाही.

एवढ्यात अण्णांनी हातातली अंगठी कठड्यावर वाजवायला सुरुवात केली. टक, टकटक, टक. लांब, आखूड, लांब. इंजिनाच्या घरघरीत ते पलीकडे ऐकू जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण लाँचचं इंजिन बंद झालं, ती धक्क्याला लागायला हळूहळू सरकू लागली, आणि मकरंदने खाली वाकून लाँचच्या पत्र्यावर बोटाच्या पेरांनी वाजवलं. बराच वेळ वाजवत होता. दोर टाकणारा खलाशी हातातला दोर तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिला.

अण्णांचा चेहरा सैल झाला. ते आता खुर्चीवर बसले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"सर्व क्षेम."

"अहो, ते दिसतंयच की समोर! धडधाकट उभा आहे."

"दिसतंय ना," अण्णा म्हणाले आणि अंगठीने खुर्चीच्या दांडीवर 'मिळाली' असं वाजवलं. "पण ते त्याने म्हणायला हवं."

मकरंद शिडीवरून वर आला तेव्हा त्याच्या हातात दोन बॅगा होत्या. दुसऱ्या बॅगेत तळावरचे दगड होते. वजन किती ते मी विचारलं नाही.